जुन्या पीसीवर बाल्डर्स गेट ३ चालवायचाय? ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी हे करा

आमच्या मालवण-कुडाळ पट्ट्यात पोरं सारखी एकच गोष्ट विचारतात, "दादा, माझो पीसी ह्यो गेम उचलतलो काय?" आणि गेम बहुतेक वेळा बाल्डर्स गेट ३च असतो. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहितोय, जरा लांबलचक होईल पण शेवटपर्यंत वाचा.

थोडक्यात उत्तर म्हणजे, दहा वर्षं जुना चांगला डेस्कटॉप असेल तर बहुतेक चालेल. गेम आला ३ ऑगस्ट २०२३ ला, पण तो बनवणाऱ्या लॅरियन कंपनीने कमीत कमी म्हणून जे सांगितलंय ते बघा: इंटेल आय५-४६९० किंवा एएमडी एफएक्स-८३५०, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९७० किंवा ४ जीबीचं आरएक्स ४८० हे ग्राफिक्स कार्ड, आणि १५० जीबी जागा, ती पण एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर. आय५-४६९० आणि ९७० दोन्ही २०१४ चे, एफएक्स तर २०१२ चा. म्हणजे जुन्या मशीनवाल्यांना कंपनीने दार बंद केलेलं नाहीये.

दुसरं म्हणजे हा टर्नबेस्ड गेम आहे. लढाईत तुमची पाळी आली की गेम तुमच्यासाठी थांबून राहतो, तुम्ही विचार करा, मंत्र निवडा, चहा पिऊन या. शूटिंगच्या गेममधे एक फ्रेम अडकली की मेलात, इथे तसं नाय. त्यामुळे ६० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमचा, हट्ट सोडा. ३० वर घट्ट बांधलेला गेम हा ५० वरून २२ वर उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा डोळ्याला कितीतरी बरा वाटतो, हे पटलं की अर्धं काम झालं.

आणि मला मनापासून सांगायचंय ते हे, की लोक थेट ग्राफिक्स कार्डासाठी पैसे जमवायला लागतात आणि घोडं अडलेलं असतं भलतीकडेच. हार्ड डिस्क, एकच रॅमची पट्टी, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळून गेलेली थर्मल पेस्ट, घरातलं व्होल्टेज, आणि आपल्याकडे तर खारा वारा. हे आधी निस्तरा, कार्डाचं नंतर बघू.

आधी आत काय आहे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. प्रोसेसरचं नाव, रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत, रॅमचा स्पीड, डिस्क एसएसडी की हार्ड डिस्क, आणि जीपीयूमधे (म्हणजे ग्राफिक्स कार्डात) डेडिकेटेड मेमरी किती, एवढं कागदावर लिहून घ्या. दुकानदाराने काय सांगितलं होतं ते नको, स्क्रीनवर दिसतंय ते लिहा.

आता अंदाज. ९७०, ४८०, ५८०, १०६० यातलं काही असेल तर निवांत राहा. ४ जीबीचं १०५० टीआय किंवा १६५० असेल तरी खेळता येईल, सेटिंग खाली आणावी लागतील. २ जीबीचं कार्ड असेल तर ओढाताण होणार, कारण टेक्श्चरच, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, मेमरीत मावत नाहीत. आणि फक्त इंटेलचं जुनं ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर स्पष्टच सांगतो, या गेमच्या नादी लागू नका, त्याच लॅरियनचा २०१७ चा डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ घ्या, खूप हलका आहे आणि तोही अप्रतिम गेम आहे.

कॅबिनेट उघडा, हे टाळू नका

पुण्यातल्या किंवा नागपूरच्या माणसाला हे एवढं ताणून सांगितलं नसतं. पण समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर घर असेल तर पीसीच्या आत काय होतं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. पंख्याच्या पात्यांवर जांभ्याची लाल धूळ, आणि दमट हवेमुळे ती नुसती धूळ राहत नाही, चिकट थर होतो, फुंकर मारून हलत पण नाही. मागच्या बाजूचे स्क्रू गंजलेले, यूएसबीच्या तोंडाशी हिरवट डाग. कधी कधी एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीशी मुंग्यांची माती, पालीची विष्ठा. पाल आत शिरून एसएमपीएस शॉर्ट होणं हे आपल्याकडे नवीन नाही.

मेन स्विच बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. बाजूचं पॅनल काढा आणि सगळं अंगणात किंवा ओटीवर घ्या, घरात केलंत तर आई ओरडेल. मऊ ब्रशने धूळ सैल करायची आणि मग ब्लोअर, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नायतर पंखा भरधाव फिरून बेअरिंग जातं. एसएमपीएस खोलायचा नाही, बाहेरूनच हवा मारा, आत कपॅसिटरमधे करंट साठलेला असतो.

रॅम काढा. खालच्या सोनेरी पट्ट्या काळपट दिसल्या तर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, परत टक् आवाज येईपर्यंत बसवा. ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीला पण तेच. गेम मधेच बंद पडतो, निळी स्क्रीन येते अशा तक्रारी कितीतरी वेळा एवढ्यावरच मिटतात, कारण दमट खाऱ्या हवेत कॉन्टॅक्टच नीट राहिलेला नसतो.

मग थर्मल पेस्ट. पाच-सात वर्षं बदलली नसेल तर वाळून खडू झालेली असणार. कूलर काढायच्या आधी पीसी पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा म्हणजे पेस्ट सैल होते, एएमडीचा असेल तर सरळ वर ओढू नका, जरा डावी-उजवीकडे फिरवून काढा नायतर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधनं उपटला जातो. जुनी पेस्ट अल्कोहोलने साफ, नवीन मटाराच्या दाण्याएवढी मधोमध. इंटेलच्या कंपनी कूलरला चार पिना असतात, त्या समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या, आणि मदरबोर्डच्या मागून बघा चारही आरपार आल्यात का. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर शंभरीला टेकतो.

झालं की एचडब्ल्यूइन्फो टाकून तापमान बघा. गेम चालू असताना प्रोसेसर सतत ९० च्या वर किंवा कार्ड ८५ च्या वर असेल तर ते स्वतःहून वेग कमी करतात, मग तुम्ही सेटिंग कितीही खाली आणा, अडकणार. मे महिन्यातल्या दुपारी टेस्ट करा, जानेवारीच्या रात्री नको.

पीसी जमिनीवर ठेवू नका, समुद्राकडच्या खिडकीखाली तर नकोच. मागे कार्डाच्या रिकाम्या फटी असतील त्या पत्र्याच्या पट्टीने बंद करा, पाल तिथूनच येते. आणि पावसाळ्यात पीसी वापरत नसाल तरी रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा घालवते. जूनपासून गणपतीपर्यंत बंद ठेवलेला पीसी एकदम चालू करण्यासारखा धोका दुसरा नाही, आधी उघडून कोरड्या खोलीत दिवसभर पंख्याखाली ठेवा.

लाइटचा प्रश्न

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि राउटरची लॅन वायर पण काढा. घराचं अर्थिंग एकदा वायरमनला दाखवा. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग गेलंय, ते आधी.

६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ९७० कार्ड १४५ वॉट आणि आय५-४६९० हा ८४ वॉटचा, म्हणजे बाकीचं धरून त्यावर बसतं, पण खेळत राहायला नाही, सेव्ह करून बंद करायला. एफ५ दाबलं की क्विकसेव्ह होतं, ती सवय बोटांना लावा, प्रत्येक लढाईच्या आधी एफ५.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नायतर लाइट जाताना बदल व्हायला वेळ लागतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. आणि स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर चांगल्या एसएमपीएसला बऱ्याचदा मानवत नाही, प्युअर साइन वेव्ह बघून घ्या.

रॅम आणि एसएसडी, पैसे इथे घाला

८ जीबीवर गेम चालू होतो, पण विंडोजच तीन-चार जीबी घेऊन बसलेलं असतं. १६ करा, आणि एकच १६ ची पट्टी नको, ८ च्या दोन. दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल चालतं आणि प्रोसेसरला डेटा दुप्पट रुंदीच्या वाटेने मिळतो. चार स्लॉटच्या बोर्डावर साधारण प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. आय५-४६९० सारख्या चौथ्या पिढीच्या इंटेलला डीडीआर३ लागते, त्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल, कमी व्होल्टेजवाली, ते नीट बघून घ्या. डीडीआर४ वाल्यांनी बायोसमधे जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू आहे का बघा, कित्येकांची ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ वर चालत असते.

एसएसडी मात्र हवीच, तिच्याशिवाय मजा नाय. जुन्या बोर्डाला एनव्हीएमईचा (बोर्डावरच बसणाऱ्या नव्या एसएसडीचा) स्लॉट नसला तरी काळजी नको, २.५ इंची साटा एसएसडी कुठल्याही साटा वायरला लागते. हार्ड डिस्क सरळ वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, पण खरा फरक बारीक बारीक फाइल इकडून तिकडून उचलताना पडतो आणि हा गेम सतत तेच करत असतो. गेमच्या सेटिंगमधे स्लो एचडीडी मोड आहे, नाइलाज असेल तर तो लावून हार्ड डिस्कवर खेळता येतं, पण भिंतींवरचे टेक्श्चर उशिरा उमटतात आणि लोडिंगला जीव जातो. ५०० जीबीची घ्या, २५० वर विंडोज आणि हा गेम दाटीवाटीने बसतात आणि अपडेटच्या वेळी स्टीमला (गेम विकत घ्यायच्या आणि उतरवायच्या ॲपला) वरची मोकळी जागा लागते. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती एसएसडीवर विंडोजच्याच मर्जीने राहू द्या.

दीडशे जीबी आणायचे कसे

रोज दीड जीबीवाल्या मोबाइल पॅकवर हिशोब करा, शंभर दिवस. ४० एमबीपीएसच्या फायबरवर सगळं सुरळीत असेल तर साडेआठ तास. म्हणजे वाडीत फायबर आलं नसेल तर चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला ज्याच्याकडे चांगलं नेट आहे असा मित्र शोधा.

रीत अशी. मित्राने गेम विकत घेतलेला असेल तर त्याच्या स्टीमच्या स्टीमॲप्स फोल्डरमधे कॉमन म्हणून फोल्डर असतो, त्यातला गेमचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ती डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असायला हवी, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. घरी येऊन तुमच्या स्टीमच्या त्याच जागी पेस्ट करा आणि मग इन्स्टॉल दाबा, स्टीम असलेल्या फाइल ओळखतं आणि फक्त राहिलेलं उतरवतं. गेम तुमच्या अकाउंटवर घेतलेला असायलाच हवा हे वेगळं सांगायला नको. दोन्ही पीसी एकाच घरात आणता आले तर २०२३ पासून स्टीममधे लोकल नेटवर्क ट्रान्सफर आहे, राउटरवरून सरळ एकातून दुसऱ्यात.

आणि विकत घेताना ही गोष्ट डोक्यात ठेवा: स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पण या गेममधे पात्र बनवण्यातच लोक तास घालवतात! टेस्टसाठी तयार पात्रांपैकी एक उचला, सुरुवातीच्या जहाजातून भराभर बाहेर पडा, कारण जहाज बंदिस्त आहे आणि तिथले फ्रेम खोटी आशा लावतात. किनाऱ्यावर उतरा, पुढे ड्रुइड लोकांच्या वस्तीपर्यंत जा, तिथे गर्दी आहे, तिथला आकडा खरा.

विंडोज आणि ड्रायव्हर

यावर फार वेळ घालवू नका. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, गेम चालायला अडचण नाही पण त्या मशीनवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने साफ पुसून नव्याने टाका. स्टार्टअपमधले फालतू ॲप बंद, खेळताना ब्राउझर बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र उलटं काहीतरी करून बघा: पॉवर सेटिंगमधे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. एवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा वेगाची सोय, बंद होतो, वेग थोडा कमी होतो पण उष्णता धाडकन उतरते आणि कार्डाला श्वास मिळतो. मागून पुस्तकावर उचलून ठेवा, गादीवर कधीच नाही.

गेममधली सेटिंग

लाँचरमधे गेम वल्कनने चालवायचा की डायरेक्टएक्स ११ ने, म्हणजे ग्राफिक्स काढायच्या कुठल्या पद्धतीने, असे दोन पर्याय येतात. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर मी आधी डायरेक्टएक्स ११ ने सुरू करतो, पण दोन्ही एकाच जागी अर्धा-अर्धा तास चालवून बघा, मशीनप्रमाणे फरक पडतो.

सुरुवात सगळं लो करून करा आणि एकेक वर न्या. टेक्श्चर क्वालिटी फक्त कार्डाच्या मेमरीवर अवलंबून आहे, ४ जीबी असेल तर मीडियम ठेवा, चेहरे या गेमचा जीव आहेत, तिथे हात आखडू नका. शॅडो, फॉग आणि क्लाउड खाली ठेवा, गॉड रेज आणि डेप्थ ऑफ फील्ड बंद, कोणाला कळणार पण नाही. अँबियंट ऑक्लूजन जमलं तर चालू ठेवा, त्याच्याशिवाय माणसं जमिनीवर तरंगल्यासारखी दिसतात. इन्स्टन्स डिस्टन्स आणि ॲनिमेशनचं एलओडी लो.

मग एफएसआर, म्हणजे चित्र कमी रिझोल्यूशनला काढून मोठं करायची सोय. ही एएमडीची असली तरी एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवर पण चालते, एनव्हिडियाच्या तशाच डीएलएसएसला मात्र आरटीएक्स कार्ड लागतं. १०८०पी स्क्रीनवर एफएसआर क्वालिटीला ठेवलंत की गेम आतून ७२०पीला रंगवतो आणि मग मोठा करतो. परफॉर्मन्सला ठेवलंत तर आतून ५४०पी, केस आणि गवत लगदा दिसायला लागतं, मी तिथपर्यंत जात नाही. एफएसआर २.२ दिसायला १.० पेक्षा खूप चांगली, पण अगदी जुन्या कार्डाला ती स्वतःच जड पडते, दोन्ही लावून बघा.

शेवटी फ्रेम कॅप, म्हणजे फ्रेमची कमाल मर्यादा, ३०. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० नीट भागला जातो, चाल एकसारखी वाटते, कार्ड थंड राहतं, पंख्याचा आवाज कमी, यूपीएसवर भार कमी.

तिसरा अंक वेगळा आहे

पहिल्या दोन अंकांत कॅप न लावता छान ४० मिळत होते म्हणून निर्धास्त राहू नका. तिसऱ्या अंकात बाल्डर्स गेट शहरात, विशेषतः लोअर सिटीत शिरलात की रस्ताभर माणसं, आणि हा सगळा भार प्रोसेसरवर येतो. इथे कुठे पाणी मुरतंय ते ओळखायची सोपी युक्ती: रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढले तर कार्ड कमी पडत होतं, तेवढेच राहिले तर प्रोसेसर, आणि मग नवीन कार्ड घेऊन तिथे एक फ्रेम वाढणार नाही. अशा वेळी डायनॅमिक क्राउड बंद करा, रॅमचा स्पीड पुन्हा तपासा, पाठीमागे डिस्कॉर्ड वगैरे काही चालू ठेवू नका.

परताव्याचा वेळ असतानाच हे तपासायचं असेल तर मित्राची तिसऱ्या अंकातली सेव्ह मागा. ॲपडेटाच्या लोकलमधे लॅरियन स्टुडिओज, त्यात बाल्डर्स गेट ३, मग प्लेयरप्रोफाइल्स, पब्लिक, सेव्हगेम्स, स्टोरी, या फोल्डरमधे त्याचा सेव्हचा फोल्डर टाकला की तुमच्याकडे लोड होतो. कथा थोडी फुटेल, पण पैसे वाचतील. हाच स्टोरी फोल्डर अधूनमधून पेनड्राइव्हवर पण घेत जा, वीज पडून डिस्क गेली तरी तुमची शंभर तासांची मेहनत शाबूत.

एवढं करूनही कार्डच कमी पडत असेल तर

आता घ्या. पण आधी एसएमपीएस बघा. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. जुन्या ऑफिसच्या पीसीत बहुतेक या वायरीच नसतात, त्यांच्यासाठी ७५ वॉटचं, जादा वायर न लागणारं १६५० बरं पडतं, त्यातही काही मॉडेलला ६ पिन असते म्हणून फोटो बघून घ्या. चांगला एसएमपीएस असेल तर ८ जीबीचं वापरलेलं आरएक्स ५८० उत्तम.

आपल्याकडे असा माल कमी मिळतो, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा आणि गणपतीला नायतर शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर आणायचा. आणणाऱ्याला एवढंच सांगा: कार्ड दुकानात लावून अर्धा तास स्ट्रेस टेस्टवर चालवून बघ, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का बघ, सगळ्या पोर्टला मॉनिटर लावून बघ, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमधे नाव आणि मेमरी जुळते का त्याचा फोटो पाठव, आणि पट्टीवर हिरवट गंज दिसला तर स्वस्त असलं तरी घेऊ नको. येताना कार्ड अँटीस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी आत टाकून, हातातल्या बॅगेत आणायचं, गाडीच्या टपावरच्या सामानात नाही.

घरी आलं की पहिला आठवडा तापमान बघत राहा, आणि गेमची सेटिंग जुन्या कार्डाला होती तिथूनच वर न्यायला लागा, टेक्श्चर आधी, मग शॅडो.